अकरा नंबरचं निगेटिव्ह

चौकशीवाल्या साहेबांनो, तुमच्या अहवालाच्या चौतिसाव्या पानावर तुम्ही धडधडीत खोटं छापलं आहे. त्या पानावर एक रंगीत फोटो आहे आणि त्याखाली ओळ आहे: ‘दुर्घटनेच्या दोन दिवस आधीची स्थिती. ढिगाऱ्यावर भेग नाही. सर्वेक्षण मदतनिसाने खुंट ठोकलेले दिसत नाहीत.’ तो फोटो मी काढला. भेग होती. खुंटही होते. शटर दाबताना माझा एक पाय भेगेच्या या काठावर होता आणि दुसरा त्या काठावर.

एकवीस वर्षं झाली. तो मंगळवार होता, पोळा आठ दिवसांवर आला होता. खाणीची जीप साजटोल्याच्या हातपंपाजवळ थांबली आणि हरदास साहेब मला म्हणाले, “ठेंगणे, इथून वर बघ. कसा दिसतो आपला डोंगर?”

आमचा मुलूख सपाट. कापूस, तूर आणि आभाळ. आमच्याकडे डोंगर नव्हताच. हा डोंगर खाणीने घातला. कोळशाच्या वरची माती खोदायची, ट्रकने आणायची, ओतायची. बारा वर्षं ओतत होते. आता तो वीस मजले उंच झाला होता, आणि त्याच्या पायथ्याशी एक नाला आणि नाल्याच्या अलीकडे साजटोल्याची चौदा घरं. टोल्यातली पोरं चित्राच्या वहीत डोंगर काढायची तर करड्या रंगाचा काढायची, वरून सपाट.

मला तो डोंगर आवडायचा. खोटं कशाला बोलू? लग्नाचे, बारशाचे, ओळखपत्राचे फोटो काढून पोट भरायचं, आणि रविवारी सायकल घेऊन खाणीच्या कडेला जायचं, असं माझं चाललं होतं. खाली खोल खड्डा, त्याला पायऱ्या पायऱ्या, एखादी विहीर राक्षसांसाठी बांधावी तशी. संध्याकाळी उन्हात त्या पायऱ्या तांबूस व्हायच्या. मी रोलच्या रोल उडवायचो. हरदास साहेबांनी ते फोटो पाहिले आणि म्हणूनच मला काम दिलं. साहेब खाणीचे प्रसिद्धी अधिकारी. दिल्लीहून पाहणी यायची होती. मातीच्या डोंगरावर कशी हिरवळ उगवली आहे, याचा अल्बम पाहिजे होता.

हातपंपावर एक बाई घागर भरत होती. पन्नाशीची, काळी, काटक, कपाळावर गोंदण. मी ट्रायपॉड काढला तशी ती घागर सोडून आली.

“का काढून राह्यला बे, फोटोवाल्या?”

“डोंगराचा फोटो.”

“डोंगराचा? त्याचं का लगीन हाय?” ती मागे वळून बाकीच्या बायांकडे बघून हसली. “मातीचे फोटो काढते अन् जित्या माणसाले विचारत नाई. माह्या काढ.”

“मावशी, साहेबांचा रोल आहे.”

“साहेबाचा रोल हाय तं साहेबाची माती हाय का? माह्या वावराची माती हाय थे, वर जाऊन बसली. तिच्यासंगं माह्या काढ. मांगं डोंगर घे. नीट घे, तिरपा नको घेऊ.”

साहेब घड्याळ बघत होते. मी पटकन एक काढला. ती पदर सारखा करून ताठ उभी राहिली आणि ऐन वेळी हसली. दहा नंबरची फ्रेम.

“नाव काय लिहू, मावशी?”

“जंगूबाई कुमरे लिही. अन् आणून दे बरं. नाई तं ये मंग टोल्यात, पाय मोडून ठेवतो.”

“आणून देतो.”

जीप वळणं घेत वर चढली. वर वारा फार. महिनाभर झोडपून पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबला होता आणि माती अजून पावाच्या कणकेसारखी फुगलेली होती. चार मजूर करंजाची रोपं लावत होते. लावत म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरत होते. साहेब म्हणाले, “पिशव्या झाका रे, पिशव्या. वरून माती टाका.”

कडेपासून आठदहा पावलं आत एक भेग होती. चार बोटं रुंद. लांबी म्हणाल तर माझ्या स्टुडिओपासून बसस्टँडपर्यंत सहज. भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे छातीइतके उंच बांबूचे दोन खुंट ठोकले होते. खुंटांच्या टोकांना ताणून बांधलेला पांढरा बारीक दोरा, आणि बरोबर मधोमध दोऱ्याला लटकलेली एक लाल चिंधी. वाऱ्यात फडफडत होती.

माझी एक सवय आहे. कुठेही गेलो तरी पहिला फोटो माझा, दुसरा गिऱ्हाइकाचा. लग्नातसुद्धा नवरीला नीट बसवायच्या, तिचा पदर सारखा करायच्या आधी मी एक काढून घेतो. काहीही न हलवता, जसं असेल तसं. गिऱ्हाइकाला तो कधी दाखवत नाही. त्या दिवशीही काढला. भेग, खुंट, दोरा, चिंधी, पिशव्यांतली रोपं. अकरा नंबर.

मग साहेबांनी कॅमेऱ्यातून डोकावून पाहिलं.

“हे लाल काय आहे मधेच?”

“सर्वेच्या लोकांची खूण असेल,” मी म्हणालो.

“दिल्लीची माणसं आधी लालच बघतील. धोक्याचं निशाण दिसतंय ते. काढ.”

“साहेब, सर्वेवाल्यांना विचारून…”

“ठेंगणे, तू फोटोग्राफर आहेस ना? मग फ्रेम साफ कर.”

फ्रेम साफ करणं हे माझं रोजचं काम. लग्नात पाटामागचा झाडू उचलतो, खुर्चीवरची पिशवी उचलतो, मागे जांभई देणाऱ्या काकाला बाजूला करतो. फोटो झाला की झाडू जागच्या जागी ठेवून देतो. कुणाची वस्तू हलवली तर जशी होती तशी ठेवायची, हे मी फोटोग्राफी शिकवणाऱ्या उस्तादाकडून नाही, माझ्या आईकडून शिकलो. तेव्हा मी गेलो आणि एक खुंट उपटला. उपटताना दोरा टचकन तुटला. दुसराही उपटला. मजुरांनी भेगेत फावड्याने माती ओढली, वर गवताचे गठ्ठे मांडले. साहेबांनी ऊन नीट येईपर्यंत थांबवलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. बारा नंबर काढला. सुंदर फोटो होता. मी स्वतःच खूश झालो.

तेवढ्यात खालून आवाज आला. कुणीतरी ताट बडवत होतं.

मी कडेशी जाऊन पाहिलं. साजटोला वारुळासारखा फुटला होता. बाया पोरं काखेत मारून पळत होत्या, म्हातारे काठ्या टेकत, कुणी शेळ्या हाकत, कुणी गाठोडं डोक्यावर घेऊन, सगळे रस्त्याकडे. मधोमध एक बाई ताट बडवत प्रत्येक दारात जात होती. जंगूबाई. इतक्या वरूनही तिची चाल ओळखू आली.

“ही माणसं का पळतायत?” साहेब ओरडले.

मजुरांतला एक फावडं टाकून उभा राहिला. “चिंधी गेली नं साहेब. खालून दिसते थे. दिसली नाई तं निंघाचं, असं ठरलं हाय त्याईचं.”

“कुणी ठरवलं?”

“लिंगूनं. सर्वेतला लिंगू टेकाम. त्याचं घर बी खालीच हाय.”

साहेबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे कुणाला तरी मारतील. “पाहणीच्या तोंडावर दंगा पाहिजे का मला? वर्तमानपत्रवाले येतील उद्या. ठेंगणे! लाव ते परत. आहे तसं लाव. आत्ता!”

मी धावलो. खुंट त्याच भोकांत ठोकले. दोऱ्याचे तर दोन तुकडे झालेले, आणि बोट लावलं की तिसरा होत होता. असला कुचका दोरा कुणी बांधतं का, असं मनात म्हणालो. माझ्या बॅगेत स्टुडिओतला पडदा बांधायची निळी नायलॉनची दोरी होती. ती काढली, चिंधी मधोमध अडकवली आणि माझी नेहमीची दुहेरी फासाची गाठ मारली. पक्की. वाटलं, झालं ते बरंच झालं, आधीपेक्षा चांगलं करून दिलं.

खाली ताट थांबलं. माणसं जिथल्या तिथे उभी राहून वर बघत होती. जंगूबाईने डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ धरला. मग ती काहीतरी बोलली आणि खाली हसू फुटलं. गाठोडी उतरली. शेळ्या वळल्या. एकेक करून सगळे घरात परत गेले.

मी स्वतः वर उभा राहून त्यांना घरात जाताना पाहिलं. आणि मला हायसं वाटलं.

संध्याकाळी पाच वाजता आमची जीप खाणीच्या फाटकात थांबली. साहेब रजिस्टरवर सही करत होते. कामावरून सुटलेल्यांतला एक माणूस डबा हलवत माझ्याकडे आला. बुटका, खाकी शर्ट, डोळे बारीक.

“तुम्हीच का जी फोटोवाले भाऊ? मी लिंगू टेकाम. मले दुसऱ्या खड्ड्यावर धाडलं होतं आज. बहिणीनं निरोप देल्ला का चिंधी गेली होती अन् मंग आली. तुम्ही वरतं होते म्हणते.”

“जंगूबाई तुमची बहीण?”

“हाव, मोठी. तिनं ताट बडवलं. लोकं हासून राह्यले तिले, बुढी घाबरली म्हणून.” तो हसला नाही. “भाऊ, मले एवढंच सांगा. दोरा तुटला होता का?”

“मीच जरा बाजूला केला. फोटोसाठी.”

“मंग बांधला परत?”

“बांधला.”

“तोच दोरा?”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाटकापाशी उभे राहून आमच्याकडे बघत होते.

लिंगूला वाटलं असावं की मला कळलं नाही. तो समजावून सांगायला लागला, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. “तसं नाई भाऊ. थो कच्चा दोरा राहते, कापसाचा. बहीण कातून देते मले टकळीवर. कच्चाच लागते. भेग दोन बोटं सरकली का थो तुटला पायजे. तुटला का चिंधी खाली, चिंधी खाली का माणसं बाहीर. सर्वेची मशीन म्हयन्यातून एकडाव येते. तोवर थो दोराच हाय आमच्यापाशी. पक्का बांधला तं मंग काईच कामाचा नाई. डोंगर पडंल अन् चिंधी हालत राहीन.”

मी बॅगेची चेन ओढून घेतली.

साहेबांनी हाक मारली. “ठेंगणे! चल, उशीर होतोय. काय म्हणतोय तो?”

मला तीन शब्द बोलायचे होते. नायलॉन आहे तो. बोललो असतो तर साहेबांसमोर बोलावं लागलं असतं. लिंगू तिथूनच वर गेला असता, चिंधी उतरवली असती, टोला पुन्हा रस्त्यावर आला असता आणि अल्बमचं काम माझ्या हातून गेलं असतं. मी मनात म्हटलं, परवा गुपचूप येतो आणि बदलतो. परवा! जसा काही डोंगर माझ्या सवडीने चालतो.

“तोच आहे,” मी म्हणालो. “जसा होता तसाच बांधला.”

लिंगूने मान डोलावली. “मंग झालं. तुमची नजर फोटोची, तुम्हाले बराबर दिसते. उद्या मले तिकडंच ड्युटी हाय, परवाच्याले वरतं जाऊन पाहतो.” आणि मला राम राम करून गेला.

बुधवारी मी चंद्रपूरला लॅबमध्ये बसून होतो. बारा नंबरचं मोठं प्रिंट काढलं. दहा नंबरचं काढायचं राहिलं. आधी पैशाचं काम, मग मावशीचं, असं म्हटलं. त्या सकाळी लिंगूने कामावर जाताना वर पाहिलं होतं. चिंधी होती. गुरुवारी सकाळीही पाहिलं. चिंधी होती. तो कामावर गेला. टोल्यातली माणसं निंदायला वावरात गेली. साडेआठ वाजता डोंगराची ती आठदहा पावलांची कड भेगेपासून सुटली आणि नाला ओलांडून टोल्यावर आली.

चार घरं गेली. माणसं वावरात होती म्हणून घरात तिघंच होती. तिघंही गेली. जंगूबाई त्यात होती. सकाळपासून तिला ताप होता.

मी दहाला पोचलो. कॅमेरा गळ्यात होता आणि मी तो काढला नाही. जेसीबी माती ओढत होते. लिंगू एका बाजूला उकिडवा बसला होता. त्याच्या पुढ्यात मातीत सापडलेले बांबूचे दोन खुंट होते. एक मुळातून उपटलेला, दुसरा मोडलेला. आणि दोघांमधे निळी दोरी. अखंड. चिंधीसुद्धा जागच्या जागी.

तो दोरीकडे नाही, गाठीकडे बघत होता. बोटाने ती फिरवून बघत होता.

“दोरा नाई तुटला,” तो मला म्हणाला. वर पाहिलं नाही. “लोकं मले इच्यारून राह्यले, लिंग्या, तुह्या दोरा काऊन नाई तुटला? तुह्या भरवशावर झोपलो बे आम्ही. म्या का सांगू?” मग त्याने वर पाहिलं. “हे गाठ माह्यी नाई.”

“माझी आहे,” मी म्हणालो.

मला वाटलं तो उठेल. मला वाटलं, उठावं याने, तो खुंट उचलावा आणि घालावा माझ्या डोक्यात. तो उठला नाही.

“परवा इच्यारलं होतं म्या तुम्हाले.”

“हो.”

“अन् तुम्ही सांगतलं, तोच हाय.”

“हो.”

तिकडे जेसीबीवाल्याने हात वर केला. काहीतरी सापडलं होतं. लिंगू उठला, दोन पावलं गेला आणि थांबला.

“मले सांगून का फायदा? म्या का करू त्याचं? जे इच्यारायले येतीन नं, मोठे लोकं, त्याईले सांगा हे. जसंच्या तसं.”

साहेबांनो, मी सांगितलं. ऐका, तुम्हाला आठवत नसेल तर आठवण देतो. खाणीच्या विश्रामगृहात, टेबलावर हिरवं कापड, काजू ठेवलेले. तुम्ही तिघं. मी सांगितलं की भेग चार बोटं होती. खुंट लिंगू टेकामने ठोकले होते आणि ते मी उपटले. का उपटले, कुणी सांगितलं, तेही सांगितलं. हरदास साहेब तिथेच खुर्चीवर बसून होते, त्यांच्या तोंडावर सांगितलं. निळी दोरी मी बांधली, आणि विचारल्यावर खोटं बोललो, हेही. तुमच्यातले चष्मेवाले म्हणाले, “तुम्ही फोटोग्राफर आहात, भेगेची रुंदी ठरवायला तज्ज्ञ नाही.” मी म्हणालो, मग माझं नका ऐकू, निगेटिव्ह बघा. आणि सात ते बारा नंबरची अख्खी पट्टी मी तुमच्या हातात दिली, आधी प्रिंट काढून ठेवायचंही सुचलं नाही. तुम्ही ती खिडकीच्या उजेडात धरली. तुम्ही तिघांनी पाहिली. पावती मागितली तेव्हा म्हणालात, सरकारी कामाला पावती कसली.

अहवाल आला तेव्हा त्यात बारा नंबर होता. अकरा नव्हता. माझी जबानी नव्हती. माझं नावसुद्धा नव्हतं. दोष एकट्या लिंगूचा. ‘खुंट न ठोकून कर्तव्यात कसूर.’ त्याची नोकरी गेली. हरदास साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. टोला उठवला. आता तिथे डोंगराचा पायथा आहे आणि त्यावर खरोखरच झाडी वाढली आहे. लोक सहलीला येतात, मोबाइलवर फोटो काढतात. छान येतात फोटो.

मी त्यानंतर कुठलीही फ्रेम साफ केली नाही. गिऱ्हाइकं तुटली. स्टुडिओ बंद झाला. ते माझं मी बघून घेईन, त्याबद्दल तुम्हाला विचारत नाही.

लिंगू आता सदुसष्ट वर्षांचा आहे. पुनर्वसनाच्या गावात दारात बसून असतो. टोल्यातले जुने लोक अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. एकवीस वर्षांत माझ्याशिवाय एकही माणूस त्यांना भेटला नाही ज्याने म्हणावं की याने खुंट ठोकले होते, दोरा कच्चा बांधला होता, याचं चुकलं नाही. मी म्हणतो, तर ते म्हणतात, “तू म्हणून का होते? छापलं हाय का कुठं?”

परवा त्याच्याकडे गेलो होतो. तो मला आत बोलावत नाही आणि जा असंही म्हणत नाही. मी पायरीवर बसलो तेव्हा म्हणाला, “ठेंगणे भाऊ, बहिणीचा एक फोटो काढला होता नं तुम्ही? हातपंपापाशी. थो दाखवजा एकडाव. तिचा एक बी फोटो नाई घरात. तोंड इसरून राह्यलो मी तिचं.”

तो दहा नंबर आहे, साहेबांनो. त्याच पट्टीवर, अकराच्या शेजारी. डोंगराकडे पाठ करून ताठ उभी आहे आणि हसते आहे.

मला दोषी धरा, मी तयार आहे. माझं नाव छापा. पण आधी एवढं सांगा. टाळाटाळ नको, फाइल सापडत नाही हे नको, ते अधिकारी निवृत्त झाले हे नको. मी तुमच्या हातात दिलेली ती पट्टी कुठे आहे?